दुपारची चाल

घड्याळकाकांचा कॉम्प्युटर सकाळी चहाच्या वेळेला गेला. गेला म्हणजे अगदी गेलाच. आधी आतला पंखा खरखरला, मग डब्याच्या मागून बारीक धूर आला आणि स्क्रीनवरचा बुद्धिबळाचा पट काळा झाला. काकांनी नुकताच आपला घोडा शत्रूच्या वजिरासमोर नेऊन ठेवला होता. घे म्हटलं, हिंमत असेल तर मार. इतकी धाडसी चाल त्यांनी गेल्या कित्येक महिन्यांत केली नव्हती, आणि तिला उत्तर मिळायच्या आतच समोरचा गडी धूर सोडून मोकळा झाला.

काका हाडाचे घड्याळजी. दुकान आता दुसऱ्याच्या हवाली केलं होतं, पण बंद वस्तू उघडून बघायची खोड काही सुटली नव्हती. घरातली इस्त्री, मिक्सर, दाराची बेल, सगळं त्यांनी एकेकदा उघडलं होतं. बहुतेक वस्तू परत बंदही झाल्या होत्या. कुतूहल आलं की त्यांच्या बोटांना खाज सुटायची आणि मग कुणाचं काही चालायचं नाही.

या कॉम्प्युटरचं त्यांना विशेष कौतुक. तो जुना होता, संथ होता आणि बुद्धिबळाची एक चाल करायला त्याला अख्खी दुपार लागायची. काका सकाळी आपली चाल करत, जेवून आडवे होत आणि उठून बघावं तर उत्तर तयार. "नवे कॉम्प्युटर म्हणे टकाटक चाली करतात," ते येईल त्याला सांगत. "त्यात विचार कसला आलाय? आमचा हा बघा, दुपारभर डोकं खाजवत बसतो, पण एकदा चाल केली की माणसाची झोप उडते. काय बुद्धी आहे, वा." काकू शेजारी काहीतरी निवडत बसलेल्या असत. त्या म्हणत, "हं." काकूंना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, हे काकांनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

"धूर आला म्हणजे डबा गेला, बाबा," सून छापखान्यात जायला चप्पल घालता घालता म्हणाली. "पण आतली डिस्क चांगली असणार. फेकू नका. मी आले की माझ्या कॉम्प्युटरला जोडू, फॉरमॅट मारू, सगळं पुसून टाकू. मला चित्रांना जागा होईल. पण मी आले की."

सून सूचनापुस्तिकांसाठी चित्रं काढायची. कुठला स्क्रू आधी, कुठला नंतर, बाण कुठल्या दिशेला, कुठल्या जागी हात घालू नये. सध्या तिच्याकडे दवाखान्यातल्या खाटेची पुस्तिका होती. तीन महिने ती खाट तिच्या नव्या कॉम्प्युटरवर उभी राहत होती आणि उद्या सकाळी सगळी चित्रं छापायला जायची होती. देशभरातल्या दवाखान्यांत तिच्या सूचना पाळल्या जात असतील. घरात मात्र "मी आले की" हे तिने दोनदा सांगूनही काकांच्या कानात फक्त मधलं वाक्य शिरलं.

"तिला कशाला त्रास?" ती गेल्यावर काका म्हणाले. "दमून येईल बिचारी."

"तुम्हाला उघडायचंय, असं सरळ म्हणा की," काकू म्हणाल्या.

"उघडायला कशाला हवंय? फक्त डिस्क काढायची, जोडायची."

खरं कारण वेगळं होतं. पुसून टाकण्याआधी काकांना त्या घोड्याचं उत्तर बघायचं होतं. गड्याने मरता मरता काय विचार केला असेल? वजिराने घोडा मारला असता की मान खाली घालून मागे गेला असता? हे न कळता डिस्क पुसायची म्हणजे पत्र वाचायच्या आत जाळून टाकण्यासारखं होतं.

त्यांनी मेलेला डबा उघडला, आतून आपली डिस्क काढली. मग सुनेच्या खोलीत जाऊन, भिंग डोळ्याला लावून, तिचा नवा कॉम्प्युटर उघडला. स्क्रू ओळीने बशीत ठेवले. आत नवी डिस्क बसलेली दिसली. आता शेजारी रिकामी जागा होती, तिथे आपली डिस्क लावून उठायचं, इतकंच काम. पण नवी डिस्क आतून नेमकी कशी असते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ती काढली. उजेडात धरली, उलटी केली, कानाशी नेली. टिकटिक येत नाही याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. मग दोन्ही डिस्का लावून टाकल्या, एक इकडे, एक तिकडे.

इथे एक गोष्ट सांगून ठेवायला हवी, कारण काकांना ती माहीत नव्हती. जी डिस्क पहिल्या जागी बसते तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू होतो आणि जिच्यावरून सुरू होतो तिला तो सी म्हणतो. उरलेली ती डी. म्हणजे दोघींपैकी जी मुख्य जागी बसेल ती घरधनी आणि दुसरी पाहुणी. काकांनी गडबडीत आपली जुनी डिस्क पहिल्या जागी बसवली होती.

कॉम्प्युटर सुरू झाला आणि काका खुर्चीतच थोडे मागे सरकले. समोर त्यांचं स्वतःचं जुनं चित्र होतं, उघडलेल्या खिशातल्या घड्याळाचं. त्यावर त्यांच्या ओळखीच्या खुणा. आणि बुद्धिबळ उघडलं तर पट जसाच्या तसा, घोडा वजिरासमोर छाती काढून उभा.

"अगं, इकडे ये. नव्या कॉम्प्युटरने जुन्यातलं सगळं आपलं आपण उचललंय. न सांगता."

काकू हात पुसत आल्या. पटाकडे त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं. "त्याची चाल झाली का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून. जागा नवी आहे, बुजला असेल. पण हा डबा तरुण आहे, आता लगेच करेल बघ."

काका बघत बसले. गडी काही हलला नाही. काकांनी खुर्ची पुढे घेतली, चष्मा पुसला, पंख्याचा आवाज ऐकला. काही नाही. एवढा नवा, एवढा महाग कॉम्प्युटर, आणि जुन्याइतकंही डोकं चालू नये म्हणजे काय?

"तुम्ही जरा पडा," काकू म्हणाल्या. "तोवर होईल त्याचं."

"आज कसली झोप."

"पडा की. जेवण झालंय. रोज पडता."

"आज नाही. आज मी बघणार. रोज मी झोपेत असतो तेव्हा हा चाल करतो. नेमका कसा करतो ते आज बघायचंच."

काकू आत गेल्या. थोड्या वेळाने येऊन त्यांनी पुन्हा विचारलं, "अजून पडला नाहीत?" या काळजीने काकांचं मन भरून आलं.

गडी विचार करतोय तोवर दिलेलं काम उरकावं म्हणून काकांनी डिस्का कुठे दिसतात ते शोधलं. दोन दिसल्या, सी आणि डी. त्यांनी मुलाला फोन लावला. मुलगा मीटिंगमध्ये होता. तो मीटिंगमध्ये नाही अशी वेळ घरात कुणी पाहिली नव्हती, आणि अर्धा प्रश्न ऐकून पूर्ण उत्तर द्यायची सवय त्याला तिथेच लागली होती.

"पटकन बोला, बाबा."

"अरे, तुझ्या बायकोच्या कॉम्प्युटरला माझी डिस्क जोडली. तर इथे दोन दिसतात, सी आणि..."

"सी म्हणजे चालू असलेली, डी म्हणजे जादाची. डी वर फॉरमॅट मारा. झालं?"

"हो, पण हा सुरू झाला तेव्हा माझंच सगळं..."

"छान. ठेवतो."

काकांचा जीव भांड्यात पडला. आपला डाव नव्यावर सुखरूप आला आहे, जुनी ती डी, तिच्यात आता काही राहिलेलं नाही. तरी पुसायच्या आधी एकदा आत डोकावल्याशिवाय त्यांना राहवणार थोडंच होतं? त्यांनी डी वर क्लिक केलं. स्क्रीनवर पाटी आली, की ही डिस्क कुलूपबंद आहे, उघडण्यासाठी चावी भरा. खाली आकड्यांसाठी रिकामी जागा.

"हे काय, कुलूप?" काका मोठ्याने म्हणाले. ही त्यांची चूक झाली, कारण काकू दारातच होत्या.

"कसलं कुलूप?"

"डिस्कला आहे म्हणतोय."

"डिस्क कुणाची?"

"माझी."

"मग कुलूप कुणाचं?"

"मी लावल्याचं आठवत नाही," काका म्हणाले आणि हे उत्तर गप्प बसण्यापेक्षा वाईट ठरलं.

काकूंनी स्टूल ओढून घेतलं. "फोनला तुमच्या कुलूप नाही. कपाटाला नाही. दुकानाला नुसती कडी घालून घरी यायचात. आणि इथे कुलूप. किती आकड्यांची चावी मागतोय?"

काकांनी पाटी नीट वाचली. "अठ्ठेचाळीस."

"माझा फोन नंबर तुम्हाला पाठ नाही," काकू शांतपणे म्हणाल्या.

काका मनापासून विचारात पडले. आपण आयुष्यात कुणापासून काही लपवलं नाही अशी त्यांची समजूत होती. पण पुरावा समोर होता. काय बरं असेल आपण एवढं जपून ठेवलेलं? आपल्यालाही एखादं गुपित असू शकतं, या कल्पनेने त्यांना घाबरायला झालं आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं.

"लग्नाची तारीख घालून बघा," काकू म्हणाल्या.

काकांनी घातली.

"महिना चुकला."

काकांनी दुरुस्त केला. कुलूप ढिम्म. मग मुलाची जन्मतारीख झाली, दुकानाचा जुना नंबर झाला, दोन्ही एकापुढे एक लावून झाले. प्रत्येक आकड्यागणिक काकूंचा चेहरा अधिक शांत होत गेला आणि काकांना त्या शांततेची चांगली ओळख होती.

"जाऊ दे," शेवटी ते म्हणाले. "उघडत नाही तर नाही. पुसूनच टाकतो. पुसायला चावी मागत नाही हा."

"म्हणजे आत जाऊन बघता येत नाही, पण पाडून टाकता येतं?"

"असं दिसतंय खरं."

"वा. सोयीचं आहे तुम्हाला."

"अगं, सुनेला जागा हवीय. तिने सांगितलंय." काकांनी डी वर उजवं बटण दाबलं, फॉरमॅट निवडलं. पाटी आली, यातलं सगळं कायमचं पुसलं जाईल, पुढे जायचं का? माऊसवरचं बोट खाली जाणार इतक्यात काकूंनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. प्रेमाने नव्हे. चांगला दाबून ठेवला.

"त्यात काय आहे हे कळल्याशिवाय पुसायचं नाही."

"काही नाहीये त्यात."

"काही नाही तर कुलूप कशाला?"

"तेच तर मलाही कळत नाही."

"मग दोघांनाही कळू दे. तोवर हात काढा."

काका हात काढीनात, काकू हात सोडीनात. बोट उचलावं तर बायकोला वाटणार भ्यायले, दाबावं तर जन्मभर ऐकावं लागणार की पुरावा जाळला. त्या अवस्थेत दोघं किती वेळ बसून राहिली कोण जाणे. दार वाजलं आणि सून आत आली. तिने पहिल्यांदा बशीतले स्क्रू पाहिले, मग उघडा डबा पाहिला, मग सासू-सासऱ्यांचे एकावर एक हात पाहिले आणि शेवटी स्क्रीन पाहिली.

"बाबा," ती फार हळू म्हणाली. "बोट हलवू नका."

"नाहीच हलवत. तुझी सासू हलवू कुठे देतेय?"

"आई, तुम्ही तसाच धरून ठेवा." तिने येऊन पाटीवरचं 'रद्द करा' दाबलं, माऊस दोघांच्याही हातातून काढून घेतला आणि जमिनीवरच बसली. "हा कॉम्प्युटर आत्ता तुमच्या जुन्या डिस्कवर चाललाय, बाबा. म्हणून सगळं तुमचं दिसतंय. तुमची सी झालीय. ती डी आहे ना, ती माझी. कुलूप माझं आहे. नव्या कॉम्प्युटरला येतंच ते."

"आणि खाट?" काकांनी विचारलं.

"त्यात."

"दुसरीकडे ठेवली असशील ना एखादी कॉपी?"

"मागच्या महिन्याची आहे. त्यात खाटेला पाय नाहीत."

उद्या सकाळी जायची खाट, तीन महिन्यांची चित्रं, आणि आपलं एक बोट. काकांना घाम फुटला, खरोखरचा. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पाहून त्यांना स्वतःच्या बोटांचा राग आला. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "तू 'मी आले की' म्हणाली होतीस."

"दोनदा," सून म्हणाली. मग तिने सासूचे दोन्ही हात धरले. "आई, तुम्ही नसतात तर मी आज कामातून गेले होते. तुम्हाला कसं कळलं?"

"मला आपली शंका आली," काकू नम्रपणे म्हणाल्या. कसली शंका, ते त्यांनी सांगितलं नाही आणि काकांनी शहाणपणाने विचारलं नाही.

सुनेने डिस्का बदलायच्या म्हणून कॉम्प्युटर बंद करायला घेतला. "एक मिनिट," काका म्हणाले. आज काही मागायचा आपल्याला हक्क नाही हे त्यांना कळत होतं, पण राहवेना. "हा डाव माझ्याच डिस्कवर आहे म्हणजे ती पुसली की डाव गेला, आणि गडीही गेला. माझ्या घोड्याचं उत्तर तेवढं येऊ दे. त्याला विचार करायला दुपार लागते."

"दुपार? बुद्धिबळाला?"

"जुना आहे ना. मी सकाळी चाल करतो, झोपून उठलो की त्याची झालेली असते. आज मी मुद्दाम जागा राहिलो, तर हलायलाच तयार नाही."

सून पुढे वाकली. तिने पटाच्या कोपऱ्यातलं काहीतरी उघडलं, वाचलं आणि पुन्हा वाचलं. "बाबा, यात कॉम्प्युटर खेळतच नाही. हे दोन खेळाडूंवर लावलंय. एक माणूस इकडचा, एक माणूस तिकडचा. तुम्ही सुरुवातीलाच निवडलेलं दिसतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या समोरून कुणीतरी माणूस खेळतंय."

"मी झोपलेला असताना?"

"तुम्ही झोपलेले असताना."

मुलगा रोज दुपारी ऑफिसात. सून एरवी आपल्या खोलीत दार लावून. काकांनी सावकाश मान वळवली. काकू टेबलावरचा रिकामा कप उचलत होत्या.

"चहात साखर कमी होती का आज?" त्यांनी विचारलं.

"अगं, तू?"

"आता ओरडू नका. पहिल्यांदा चुकून झालं. फडक्याने पुसताना तो माऊस हलला आणि प्यादं पुढे गेलं. तुम्हाला सांगणारच होते. तेवढ्यात तुम्ही उठलात आणि पटाकडे बघून म्हणालात, काय बुद्धी आहे, वा." काकूंनी कप परत खाली ठेवला. "एवढ्या वर्षांच्या संसारात मला असं कधी म्हणाला नाहीत. म्हटलं, बघू उद्या पुन्हा म्हणतात का. तर म्हणालात."

"आणि तुला खेळता कुठून येतं?"

"लग्नाच्या आधीपासून येतं. तुम्ही विचारलं कुठे?"

गेल्या वर्षी दोन हत्ती देऊन झालेली ती मात, ज्यावर काका आठवडाभर बोलत होते, ती हिची. पाहुण्यांसमोर ज्या डोक्याचं कौतुक सांगितलं ते शेजारी बसून शेंगा सोलत होतं. आणि मघाशी आपल्याला अठ्ठेचाळीस आकड्यांचा जाब विचारणारी हीच. "मला विचारत होतीस, कुलूप कुणाचं म्हणून," ते म्हणाले.

"मी कुठे कुलूप लावलं? सगळं उघड्यावर तर होतं," काकू म्हणाल्या आणि कप घेऊन आत गेल्या.

सुनेने डिस्का आपापल्या जागी लावल्या. तिची सी झाली, कुलूप तिच्या चावीने उघडलं आणि चारही पायांची खाट जशीच्या तशी स्क्रीनवर आली. मग तिने जुन्या डिस्कवर बोट ठेवून विचारलं, "बाबा, मारू फॉरमॅट? बघायचं राहिलंय का काही?"

"मार," काका म्हणाले. "तिच्यात काही नव्हतंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून लाकडी पट काढला. सोंगट्या मांडल्या. काळं एक प्यादं हरवलं होतं, त्या जागी घड्याळातलं एक चक्र ठेवलं. आठवणीने कालचा डाव जसाच्या तसा लावला आणि घोडा नेऊन वजिरासमोर उभा केला. काकू समोरूनच गेल्या. पटाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"बस की समोर," काका म्हणाले.

"मला कामं आहेत. आणि समोर बसलं की तुम्ही चाली परत घेता, मला ठाऊक आहे."

काकांनी थोडा विचार केला. मग ते मुद्दाम मोठी जांभई देऊन उठले. "मी जरा पडतो," असं घरभर ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. झोप कसली येतेय. कान बाहेर लागले होते. वजीर घोडा मारेल की मागे जाईल? स्वयंपाकघरातलं नळाचं पाणी बंद झालं. पावलं आली. पटापाशी थांबली. बराच वेळ काहीच आवाज नाही. काकांनी श्वास रोखला आणि मान अगदी थोडीशी, दाराच्या दिशेने वळवली.

"आधी डोळे मिटा," बाहेरून गडी म्हणाला.